इतिवृत्तात न आलेलं

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात सर्वांत जास्त. शेजारच्या सिंधुदुर्गात हा आकडा १०३६ होता. कोकणात राहणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, चाकरमानी. मागे घर, भाताची खाचरं, म्हातारी माणसं, कलमांची राखण आणि जमिनीच्या वादाच्या तारखा, सगळं बायकांनी निभावलेलं. माझ्या वर्गातही तेच दिसतं. खाडीपलीकडच्या गावांतून पहिली एसटी पकडून येणाऱ्या मुलींनी पुढचे बाक भरलेले असतात. जुलैत वह्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि पाय चिखलानं माखलेले, पण साडेसातच्या तासाला त्या हजर असतात. तास संपवून मी बाहेर येते तेव्हा वाटेत आजवरच्या प्राचार्यांच्या नावांचा फलक लागतो. त्यावर एकाही बाईचं नाव नाही.

मी समुद्रकाठच्या एका तालुक्यात अर्थशास्त्र शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका कॉलेजपुरतं नाही. बाणकोटपासून बांद्यापर्यंत कुठल्याही स्टाफरूममधल्या बाईला त्यातलं निम्मं तरी ओळखीचं वाटेल. प्राध्यापकाच्या नीतीबद्दल बोलणं निघालं की आपल्या डोळ्यांसमोर वर्ग येतो. तास वेळेवर घ्यावा, पेपर फुटू नये, ओळखीच्या मुलाचे गुण वाढवू नयेत, खासगी शिकवणी चालवू नये. याबद्दल माझं दुमत नाही. पण स्टाफरूममध्ये जे संख्येनं थोडे आहेत, म्हणजे बायका, दलित, मुसलमान आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण मुलं-मुली, त्यांच्याशी आपण नीतीनं वागलो की नाही हे वर्गात ठरत नाही. ते ठरतं वेळापत्रकात, कामवाटपाच्या यादीत, निबंधावर कुणाचं नाव आधी छापलं गेलं त्यात. आणि बैठकीच्या इतिवृत्तात काय लिहिलं गेलं नाही त्यात.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आम्हा सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण त्यातला एकच भाग: पदोन्नतीचा. आठवड्याला चाळीस तासांचं काम, वर्षाला तीस आठवडे, सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापनाचे सोळा तास, सहयोगी प्राध्यापकाला चौदा. याच नियमांत पुढे शिक्षकाची व्यावसायिक आचारसंहिताही आहे. आपल्याला दुसऱ्यानं जसं वागवावं असं वाटतं तसंच सहकाऱ्यांना वागवा, व्यवसायातल्या कामात जात, धर्म, पंथ, लिंग यांचा विचार आड येऊ देऊ नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मी अनेक उद्बोधन वर्गांना बसले आहे. तिथे गुणांकनाच्या तक्त्यावर तासन्‌तास चर्चा ऐकली. या पानावर कुणी थांबल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे त्या पानाची जागा घरोब्यानं घेतली आहे. छोटं गाव. संस्थेचे पदाधिकारी ज्या पतपेढीवर संचालक, तिथेच आमची कर्जं. प्राचार्यांची बहीण माझ्या जावेची मैत्रीण. प्राध्यापक एकमेकांच्या मुलांच्या मुंजीला, बारशाला, नव्या घराच्या पूजेला जातात. या घरोब्याला मी नावं ठेवणार नाही, कारण त्याचं मोल मी पाहिलं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमच्या इतिहासाच्या मॅडम चिपळूणच्या. पाणी ओसरल्यावर आमचे सहकारी फावडी, घमेली, पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन त्यांच्या घरी गेले. कपाटांतला, भांड्यांतला, पुस्तकांच्या पानांमधला चिखल काढला. ज्या सरांनी आयुष्यात स्वतःच्या घरी केरसुणी धरली नसेल त्यांनी मॅडमच्या स्वयंपाकघराची फरशी घासली. मॅडम मुसलमान आहेत, हे त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि तीच माणसं बैठकीत गप्प बसतात. हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. आता थोडं कळू लागलं आहे.

शिमग्यात गावची पालखी घरी यायची असली की आमच्याकडे कुणी अर्ज देत नाही. सर दोन दिवस दिसत नाहीत, त्यांचे तास दुसरे सर घेतात, सगळं समजून घेतलं जातं. ते योग्यच आहे. पालखी घरी येते आणि दार बंद, असं कोकणात कुणाच्या घरी व्हायला नको. पण रमजानमध्ये विभागाची बैठक संध्याकाळी सहाला ठेवू नका, दुपारी घ्या, एवढं इतिहासाच्या मॅडमनी म्हटलं, तेव्हा त्यांना लेखी द्यायला सांगितलं गेलं. एका वर्षी चंद्रदर्शनामुळे ईद एक दिवस पुढे गेली आणि नेमकं त्या दिवशी त्यांचं परीक्षेचं पर्यवेक्षण लागलेलं होतं. बदली माणूस त्यांनी स्वतः शोधला, तरी अर्ज, त्यावर शेरा, मग मंजुरी. मॅडमनी तक्रार केली नाही. मीच विचारलं, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अगदी मनापासून सांगितलं, "अहो, त्या आपल्यातल्याच आहेत, म्हणून तर इतकं मोकळेपणानं सांगतो त्यांना." त्यांना खरंच तसं वाटत होतं. मॅडमचं घर सात पिढ्या खाडीकाठी आहे, त्यांच्या घरची बोली ऐकली तर दापोलीतली कुठलीही आजी हसून उत्तर देईल. तरी "मराठी छान बोलता हो तुम्ही" हे वाक्य प्रत्येक नव्या पाहुण्याकडून त्यांना ऐकावं लागतं, आणि प्रजासत्ताक दिनाला सर्वधर्मसमभावावर चार शब्द बोलायचे असले की नाव त्यांचंच निघतं. त्यांचं संशोधन कोकणच्या बंदरांतल्या व्यापारावर आहे. त्यावर बोलायला त्यांना आजवर कुणी उभं केलेलं नाही.

२०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या शिक्षकांत बायका ४२.९ टक्के होत्या. मुसलमान शिक्षक शंभरात पाच-सहा. लोकसंख्येत मात्र हे प्रमाण २०११ ला १४.२ टक्के होतं. अशा ठिकाणी जी व्यक्ती एकटी असते तिला आपल्या सगळ्या समाजाचा प्रतिनिधी व्हावं लागतं. वर्गातून बाहेर पडल्यावरही तिचं काम संपत नाही.

दुसरे सहकारी राज्यशास्त्राचे. बिंदुनामावलीतल्या, म्हणजे आरक्षणानुसार पदं वाटून देणाऱ्या यादीतल्या, राखीव जागेवर नेमणूक झाली, प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा उत्तीर्ण, पीएच.डी. आमच्या कॉलेजातल्या कित्येकांच्या आधी पूर्ण. मुलं त्यांच्या तासाला दुसऱ्या विभागातून येऊन बसतात. पण त्यांचा उल्लेख अजून "त्या बिंदूवर आलेले" असा होतो. तोंडावर नाही, चहाच्या वेळी, ते बाहेर गेल्यावर. प्रश्नपत्रिका काढायला नावं पाठवायची असतात, अभ्यास मंडळासाठी सुचवायची असतात, व्याख्यानाला पाहुणे म्हणून पाठवायचं असतं. या नावांची यादी कधी बैठकीत होत नाही. ती फोनवर होते, संध्याकाळी, कुणाच्या तरी अंगणात होते. ज्याला त्या अंगणात बोलावणं नाही त्याचं नाव यादीत येत नाही. यात कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो. कुठलाच नियम मोडलेला नसतो. फक्त दहा वर्षांनी पदोन्नतीचा अर्ज भरताना त्यांच्या तक्त्यातले रकाने रिकामे राहतात आणि दुसऱ्यांचे भरलेले असतात.

आमच्याच जिल्ह्यातली दोन नावं मला अशा वेळी आठवतात. दापोली तालुक्यातलं मुरुड हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला आणि गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण फर्ग्युसन कॉलेजातलं त्यांचं गणित शिकवणं चालू राहिलं. १९१४ मध्ये ते तिथूनच निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, माझ्याच विषयाचे. विद्यार्थ्यांना त्यांचं शिकवणं आवडू लागलं होतं. पण सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्यासोबत पाण्याचं एकच भांडं वापरायला हरकत घेतली. कर्व्यांना गावानं टाकलं, पण त्यांची संस्था त्यांच्या मागे उभी राहिली. बाबासाहेबांना संस्थेनं नेमलं, आणि स्टाफरूमनं परकं ठरवलं. पुढे १९२७ च्या मार्चमध्ये ते महाडला, आमच्याच किनारपट्टीवर, चवदार तळ्याचं पाणी प्यायला हजारो माणसांना घेऊन गेले. तो सत्याग्रह आपण सगळे शिकवतो. प्राध्यापकांच्या खोलीतलं ते पाण्याचं भांडं मात्र कुणी शिकवत नाही. हरकत घेणारे अडाणी नव्हते. पदव्या असलेले, इंग्रजीत शिकवणारे, आपल्या विषयात पारंगत असे ते लोक होते. विद्वत्ता आणि नीती एकाच माणसात आपोआप एकत्र नांदत नाहीत, एवढं त्यावरून मला दिसतं.

बायकांच्या बाबतीत हे भांडं कामवाटपात असतं. कॉलेजाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हटलं की स्वागत, रांगोळी, औक्षण, नाश्ता, सांस्कृतिक कार्यक्रम, महिला विकास कक्षाचा अहवाल हे सगळं "मॅडम लोक" बघतात. खरेदी समिती, परीक्षा समिती, बांधकाम समिती, विद्यापीठात जाऊन बसायचं काम हे सर लोक बघतात. मला रांगोळीचा कमीपणा वाटत नाही, मला ती आवडते. पण परीक्षा समितीवर बसलेल्याला कॉलेजचे पैसे कसे फिरतात, निर्णय कुठे होतात, विद्यापीठातला कुठला टेबल कशासाठी असतो हे कळतं. पंधरा वर्षांनी प्राचार्यपदाची मुलाखत होते तेव्हा "मॅडमना प्रशासनाचा अनुभव नाही" हे वाक्य खरंच असतं. तो अनुभव त्यांना कुणी घेऊ दिला नाही, हे मुलाखतीच्या कागदावर येत नाही.

सगळ्यांत खाली सीएचबीची, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारी, मुलं-मुली. तास घेतला तर पैसे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. झालेल्या तासांचे पैसेही कित्येकदा महिनोन्‌महिने थकतात. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा आदेश. बाळंतपण आलं तर त्या सत्रापुरतं नाव गळतं, आणि पुढच्या जूनमध्ये ते परत येईलच असं नाही. आमच्या विभागातली एक मुलगी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीचा अभ्यास करत होती. पहाटे होड्या लागायच्या वेळी ती जेटीवर असायची. बर्फाच्या पाण्यात हात घालून बसलेल्या बायकांशी बोलायची, कधी त्यांच्याबरोबर बसून सोलायची, आणि तिथून एसटीनं आमच्याकडे येऊन दहाचा तास घ्यायची. अंगाला वास येतो म्हणून स्टाफरूममध्ये कुणी नाक मुरडलं तर ती शांतपणे खिडकीपाशी जाऊन बसायची. तिचा निबंध एका परिषदेच्या पुस्तकात छापून आला तेव्हा त्यावर पहिलं नाव होतं एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं. ते त्या जेटीवर कधी गेले नव्हते.

साहित्यचौर्याबद्दल आयोगाचे २०१८ चे वेगळे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही; मग दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पायऱ्या. संगणक वाक्यं तपासतो आणि टक्का सांगतो. पण दुसरीच्या पहाटेवर आपलं नाव घातलं तर टक्का शून्यच येतो. त्या निबंधातलं एकही वाक्य चोरलेलं नव्हतं.

ती मुलगी काही बोलली नाही. बोलली असती तर जूनमधला आदेश कुणाच्या सहीनं निघतो हे तिला माहीत होतं. मी तो विषय विभागाच्या बैठकीत काढला आणि चर्चा इतिवृत्तात घ्यावी असं म्हटलं. त्यावर जे झालं ते मला तपशिलानं सांगावंसं वाटतं. कुणी ओरडलं नाही, कुणी मला खोटं पाडलं नाही. चहा आला. एक सर म्हणाले, "मॅडम, हे घरातलं आहे, घरातच बोलू. कागदावर कशाला?" दुसरे म्हणाले, "पोरीचंच नुकसान होईल हो." तिसऱ्यांनी, ज्यांनी चिपळुणात फरशी घासली होती त्यांनी, मान खाली घातली. सगळ्यांच्या बोलण्यात काळजी होती. आणि त्या काळजीचा शेवट असा झाला की जिचं नुकसान आधीच झालेलं होतं तिच्या नुकसानाची एक ओळही कुठे राहिली नाही.

मला उलगडलं ते इथे. पुरात माणूस संकटात असतो आणि संकट कुणी आणलेलं नसतं. तिथे धावून जायला आपल्या कुणाचाही रोष पत्करावा लागत नाही. बैठकीत संकट आपल्यातल्याच कुणी तरी आणलेलं असतं. तिथे धावून जायचं तर उद्या पतपेढीत, लग्नात, देवळाच्या सभामंडपात त्या माणसाशी नजर मिळवायची असते. माया आहे म्हणून हे धैर्य येत नाही. त्याला नियमाचा टेकू लागतो. नियम असला की "मी तुमच्याविरुद्ध बोलतोय" असं न म्हणता "हे लिहावंच लागतं" असं म्हणता येतं. एकट्या माणसाला कागदाचाच आधार असतो, आणि साक्षीदारालाही.

मात्र नियमही नीट पाळावे लागतात. याचं ठळक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये एका विभागप्रमुखांविरुद्ध विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. विद्यापीठाच्या समितीनं एकापाठोपाठ एक बैठका घेऊन चौकशी भराभर उरकली, समोरच्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, आणि त्यांना नोकरीवरून काढलं गेलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नैसर्गिक न्याय पाळला गेला नाही म्हणून ती कारवाई रद्द केली आणि चौकशी २००९ मध्ये जिथे घाई सुरू झाली तिथून पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षं. ज्या मुलींनी हिंमत करून तोंड उघडलं त्या तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. आरोप असलेल्या माणसाचीही चौदा वर्षं गेली, निकाल न लागता. कोण खरं, यावर मी बोलत नाही. मला तो अधिकार नाही. पण एका समितीनं काही आठवडे धीर धरला असता तर दोन्ही बाजूंना उत्तर मिळालं असतं. त्याच निकालात न्यायालयानं देशभरातल्या सरकारी कार्यालयांत, विद्यापीठांत अशा समित्या खरोखर नेमल्या आहेत का, हे तपासायलाही सांगितलं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, त्यावरचा कायदा २०१३ चा, आणि २०२३ मध्ये समिती आहे का हे विचारायची वेळ आली.

मी आमच्या अंतर्गत तक्रार समितीवर काम केलं आहे. कायद्यानं तक्रारीला घटनेपासून तीन महिने, चौकशीला नव्वद दिवस. अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरच्या संस्थेची. उच्च शिक्षणासाठीच्या नियमांत विभागप्रमुखासारख्या प्रशासकीय पदावरच्या माणसानं समितीवर नसावं असंही आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण आमच्या तालुक्यात "बाहेरची" म्हणजे कोण? महिला मंडळाच्या ज्या बाई येतात त्या संस्थेच्या कार्यवाहांच्या नात्यातल्या निघतात. म्हणून आम्ही आग्रह धरून दुसऱ्या तालुक्यातल्या वकील बाईंना बोलावलं. घाटातून बसनं येतात, दरडीचा इशारा असला तर येत नाहीत, बैठक पुढे जाते. तेवढी किंमत मला मान्य आहे. त्यांना आमच्यातलं कुणीही मावशी म्हणत नाही, हे तक्रारदार मुलीला पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि तिचा आवाज मोकळा होतो.

जातीवरून किंवा धर्मावरून शिक्षकाला सहन कराव्या लागणाऱ्या वागणुकीसाठी मात्र अशी जागा आमच्याकडे नाही. समतेविषयीचे आयोगाचे २०१२ चे नियम लिहिले गेले ते मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी. राज्यशास्त्राच्या सरांनी चहाच्या वेळचं ते वाक्य घेऊन कुणाकडे जायचं? तक्रार केली तर "इतकं मनाला लावून घेऊ नका", न केली तर तक्त्यातले रिकामे रकाने. त्यांनी एकदा मला म्हटलं, "मॅडम, मला माफी नको, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या यादीचा कागद हवा." त्या मागणीनं मला दिशा दिली.

गेल्या काही वर्षांत आम्ही चार-पाच जणांनी मिळून कागदाचीच कामं केली. समित्यांवरची नावं आता दर दोन वर्षांनी फिरतात आणि फलकावर लागतात. खरेदी समितीवर सध्या दोन मॅडम आहेत आणि स्वागत समितीवर भौतिकशास्त्राचे सर. बाहेर पाठवायच्या नावांची यादी बैठकीत वाचली जाते, त्यामुळे राज्यशास्त्राच्या सरांचं नाव पहिल्यांदा विद्यापीठाकडे गेलं. सणांच्या रजांसाठी वर्षाच्या सुरुवातीला एकच यादी होते, पालखी आणि ईद दोन्ही तिच्यात असतात, चंद्रदर्शनासाठी पुढचा एक दिवस मोकळा धरून. निबंध छापायला पाठवण्याआधी कुणी काय काम केलं याचा अर्ध्या पानाचा कागद सगळ्यांनी सही करून विभागात ठेवायचा. याला विरोध झाला. दोघांनी माझ्याशी बोलणं कमी केलं, एका घरचं लग्नाचं आमंत्रण आलं नाही. ते मला लागलं. त्या घरच्या मुलींना मी लहानपणापासून ओळखते.

मिरकरवाड्याच्या अभ्यासावर आजही पहिलं नाव त्या सरांचंच आहे. छापलेलं पुस्तक बदलत नाही. ती मुलगी अजून तासिका तत्त्वावरच शिकवते, आणि सीएचबीच्या शिक्षकांना विभागाच्या बैठकीला बोलावत नाहीत, म्हणून नव्या नियमावर मत द्यायलाही ती तिथे नव्हती. येत्या जूनच्या पहिल्या बैठकीसाठी मी एक विषय लेखी दिला आहे: तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना बैठकीला बोलवावं, बैठकीच्या वेळेचं मानधन द्यावं, आणि त्यांचं म्हणणं नावानिशी इतिवृत्तात घ्यावं. खाली इतिहासाच्या मॅडमची आणि राज्यशास्त्राच्या सरांची सही आहे. तिसरी सही परवा आली, चिपळुणात फरशी घासलेल्या सरांची.